राण्यांची जोडी हातात, आणि समोरून रेझ

तीन पत्ती खेळत मोठा झालेल्या माणसाला पोकरचे नियम अर्ध्या तासात येतात. येत नाही ते भारी पानं हातात घेऊन थांबणं. चांगली पानं आली की चाल वाढवायची, समोरच्याने वाढवली की आपण आणखी वाढवायची आणि शेवटी छाती काढून शो मागायचा, ही सवय लहानपणापासून अंगात मुरलेली असते. भिवंडी तालुक्यातलं वळ घ्या, शेजारचं पूर्णा घ्या, दापोडे घ्या. हळदीची रात्र असो की गोकुळाष्टमीचं जागरण, कोपऱ्यात पत्त्यांचा डाव बसलेलाच असतो. भाताच्या खाचरांची गोदामं झाली, तरी हे काही सुटलं नाही. त्या गोदामांच्या ऑफिसांत बसणारी, गाड्या लागेपर्यंत मोबाइल चाळणारी पोरं गेल्या काही वर्षांत पोकरही शिकली. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि अ‍ॅपवरची पैशाची टेबलं बंद झाली. आता हीच पोरं प्लास्टिकच्या चिप्सचा डबा मांडून समोरासमोर बसतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. कोणती पानं कशाला भारी, हे ज्यांना ठाऊक आहे आणि तरीही भारी पानांवर समोरून रेझ आली की ज्यांचा हात अडखळतो, त्यांच्यासाठी.

पैशाचं आधीच बोलून टाकू. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. अड्डा चालवणाराही त्यात सापडतो आणि अड्ड्यावर बसलेलाही. रमीला सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली कौशल्याचा खेळ म्हटलं, म्हणून पोकरलाही तीच सवलत आहे असं समजू नका. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये पोकरला जुगारच ठरवलं. राज्यात कॅसिनोंना वाट देणारा 1976 चा कायदा कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्दही झाला. तेव्हा वळला खेळायचं तर चिप्सना किंमत शून्य. मात्र फुकटच्या चिप्सनी खेळाची चव जाते, कोणीही कशालाही कॉल करतो. त्यावर साधा इलाज आहे. प्रत्येकाला सुरुवातीला 1000 च्या चिप्स द्यायच्या, संपल्या की पुन्हा मिळणार नाहीत, आणि पहिला बाद होणारा उरलेल्यांचा चहा करणार. एवढ्यानेही रेझला वजन येतं. पुढची सगळी आकडेमोड अशाच टेबलाची आहे: ब्लाइंड 5 आणि 10, प्रत्येकापुढे 1000.

आता मूळ मुद्दा. तीन पत्तीत तुमची तीन पानं तुमचीच असतात आणि शेवटपर्यंत तीच राहतात. 52 पानांतून तीन पानांचे 22,100 हात होतात, त्यांत ट्रेल फक्त 52. ट्रेल आली तर ती पहिल्या चालीलाही ट्रेल आणि शेवटच्या चालीलाही ट्रेल. टेक्सास होल्डेममध्ये तुमची दोनच पानं झाकलेली असतात, पाच पानं मधे सगळ्यांची: आधी तीन, म्हणजे फ्लॉप, मग चौथं टर्न आणि पाचवं रिव्हर. मधे एकेक पान उघडत जातं तसा तुमच्या हाताचा भाव चढतो-उतरतो, आणि सकाळी सोनं असलेलं संध्याकाळी पितळ होऊ शकतं. क्रमसुद्धा बदलतो. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारते, कारण तीन पानांत साध्या सिक्वेन्स 720 आणि साधे कलर 1,096. पाच पानांत उलटं आहे. तिथे सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108, म्हणून कलर वरचढ. नव्या टेबलावर पहिली भांडणं यावरूनच होतात.

म्हणून रेझ आली की "माझी पानं किती भारी?" हा प्रश्न पुरत नाही. विचारायचं असं: मी आणखी वाढवलं, तर माझ्यापेक्षा हलक्या कोणत्या पानांनी तो चिप्स भरेल? अशी पानं भरपूर असतील तर वाढवा. हलकी पानं पळून जाणार आणि भारी तेवढी थांबणार असतील, तर नुसता कॉल करा. समोर हलकं काही उरलंच नसेल आणि कॉलचा भावही महाग असेल, तर पानं टाका, मग ती कितीही देखणी असोत.

हे मोजता येतं, आणि मोजणी चौथीच्या गणिताएवढीच आहे. कोणतीही ठरावीक जोडी, समजा एक्क्यांची, सहा प्रकारे येते. एक्का-राजा हा हात सोळा प्रकारे येतो, चार एक्के गुणिले चार राजे. तुमच्या हातात किंवा मधे त्यातलं एखादं पान दिसत असेल, तर ते वजा करायचं. बस, एवढंच.

राण्यांची जोडी घ्या. तुम्ही 30 ची रेझ केली, तुमच्या नंतर बोलणाऱ्याने ती 90 वर नेली, बाकी सगळे पॅक. मधे ब्लाइंडचे 15, तुमचे 30, त्याचे 90, मिळून 135. तुम्हाला 60 भरायचे आहेत. म्हणजे 195 च्या पॉटसाठी 60, साधारण 31 टक्के. इतक्या वेळा जिंकत असाल तर कॉल अंगावर येत नाही.

समोरचा कोण, हे आता बघा. तो संध्याकाळभर गप्प बसून एकदाच वाढवणारा, गावाकडच्या भाषेत "पानं बघूनच खेळणारा" असेल, तर त्याच्याकडे एक्क्यांची जोडी (6 प्रकार), राजांची जोडी (6) किंवा एक्का-राजा (16). उरलेल्या दोन राण्यांचा एक प्रकार सोडून देऊ. या 28 पैकी 12 तुमच्या पुढे आहेत आणि तिथे तुम्ही शंभरात अठरा-एकोणीस वेळाच जिंकता. एक्का-राजासमोर तुम्ही शंभरात पंचावन्नच्या आसपास जिंकता, म्हणजे जवळजवळ नाणेफेक. सगळं मिळून 40 टक्के. लागतात 31. तेव्हा कॉल बरोबर आणि पॅक चूक. पण तुम्ही 220 वर नेलं तर काय होईल? त्याच्या या 28 पैकी तुमच्याहून स्पष्ट हलकं असं एकही नाही. एक्का-राजा एखाद्वेळी सोडेल, जोड्या कधीच सोडणार नाहीत. भरभक्कम पॉट तुम्ही स्वतःच उभा कराल आणि त्यात मागे असाल.

आता समोर दुसरा गडी बसवा. दर दुसऱ्या डावाला रेझ करणारा, पॅक म्हणजे अपमान समजणारा. त्याच्या यादीत वरच्या 28 बरोबर गुलामांची जोडी, दहांची, नव्वींची, एक्का-राणी, एक्का-गुलाम, राजा-राणी हेही येतात. राण्या तुमच्या हातात असल्याने एक्का-राणी 8 प्रकारे, राजा-राणीही 8 प्रकारे. सगळे मिळून 78, आणि तुमच्या पुढे तेच जुने 12. हा माणूस गुलामांच्या जोडीवर पॅक करणार नाही. त्याच्यावर 220 करा, 250 करा. तुमच्या हातातली पानं तीच, समोरची रेझही तीच 90 ची, आणि तरी उत्तर उलट.

जागेचाही हिशोब धरा. शेवटी बोलणारा, म्हणजे डीलरच्या बटनावर बसलेला, हलक्या पानांवरही वाढवतो, कारण सगळ्यांचं ऐकून मग बोलायची चैन त्याला असते. सुरुवातीलाच बोलणारा मागे आठ जण बसलेले असताना वाढवतो, तेव्हा त्याच्याकडे खरंच काही असतं. डेव्हिड स्क्लान्स्की या अमेरिकी लेखकाने हे फार आधी मांडून ठेवलंय: पहिली रेझ करायला जेवढी भारी पानं लागतात, त्याहून भारी पानं रेझला कॉल करायला लागतात. तीन पत्तीवाल्यांना हे पटायला वेळ लागतो.

समोर चिप्स किती उरल्या आहेत हेही बघा. तुमच्यापुढे 1000 ऐवजी 250 च असतील, तर राण्यांवर एवढा विचार करू नका, सगळ्या लोटा. 90 कॉल करून 160 मागे ठेवायच्या, मग फ्लॉपवर राजा आला की घाबरायचं, यात काही अर्थ नाही.

राजांची आणि एक्क्यांची जोडी असेल तर फ्लॉपआधी थांबायचं कारण फार क्वचित येतं. राजे हातात असताना समोरच्या एका माणसाकडे एक्क्यांची जोडी असण्याचे प्रकार 1,225 पैकी फक्त 6. या भीतीने राजे झाकून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांना आयुष्यभराचा तोटा होतो. एक्के लपवून "सगळ्यांना आत येऊ दे" म्हणणारेही आहेत. एकासमोर एक्के शंभरात 85 वेळा जिंकतात, चौघांना आत घेतलं की 56 वेळा. गर्दीत कोणीतरी दोन जोड्या लावतोच. गुलामांच्या जोडीवर आणि एक्का-राजावर राण्यांचंच गणित करा, निकाल थोडा आणखी कॉलकडे झुकेल.

खरी कसोटी फ्लॉपनंतर लागते. वळच्याच एका गोदामावरच्या ऑफिसात, बॉक्स-पट्टीच्या रोलांवर फळी टाकून केलेल्या टेबलावर घडलेला हा डाव मला अजून वापरावासा वाटतो, कारण यात जिंकलेला माणूस चुकला होता. बटनावरच्याने 40 ची रेझ केली, दोन्ही ब्लाइंडनी कॉल केला, पॉट 120. मोठ्या ब्लाइंडवर ट्रान्सपोर्टचं काम बघणारा मुलगा, हातात बदाम नव्वी आणि किलवर नव्वी. फ्लॉप पडला: इस्पिक राजा, इस्पिक नव्वी, चौकट चौकी. तीन नव्वी! छोट्या ब्लाइंडने चेक केलं, याने 60 लावले, बटनावरच्याने 180 केले, छोटा ब्लाइंड पॅक झाला. मुलाने बराच वेळ चिप्स बोटांत फिरवल्या आणि नुसता कॉल केला. बाजूच्याच्या कानात म्हणाला, "जाळ्यात आलाय, आता पळवायचा नाही."

टर्नला इस्पिक गुलाम आला. आता मधे तीन इस्पिक. मुलाचा चेहरा उतरला, त्याने चेक केलं. बटनावरच्यानेही चेक केलं. रिव्हरला पुन्हा दोघांचं चेक-चेक. पानं उघडली तर बटनावरच्याकडे चौकट एक्का आणि किलवर राजा. त्यालाही इस्पिकचीच भीती वाटली होती. नव्वींनी 480 चा पॉट जिंकला. टेबलाने टाळ्या वाजवल्या. समोरच्याच्या पुढे मात्र 780 च्या चिप्स जशाच्या तशा राहिल्या होत्या.

फ्लॉपवर परत जाऊ आणि 180 च्या रेझसमोर मोजणी करू. नव्वींना मारणारं काय आहे? राजांची जोडी. एक राजा मधे पडला, म्हणून तिचे प्रकार उरले तीन, आणि राजे असते तर तो फ्लॉपआधीच बहुतेक आणखी जोरात गेला असता. हलकं आणि तरी पैसे भरणारं काय? एक्का-राजा 12 प्रकारे, राजा-राणी 12, राजा-गुलाम 12. राजा-नव्वी 3, चौकींची जोडी 3. शिवाय दोन इस्पिक धरून कलरची वाट बघणारे: एक्का आणि आणखी एक इस्पिक, एवढंच धरलं तरी दहा प्रकार. तीन विरुद्ध पन्नासच्या वर. इथे कॉल म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याला चहा न विचारता बसवून ठेवणं.

440 करायला हवे होते. त्याने कॉल केला असता तर पॉट 1000 झाला असता आणि दोघांपुढे 520 उरले असते. टर्नला अर्ध्या पॉटची लावणी केली की सगळं आत. हा हिशोब फ्लॉपवरच करायचा असतो: मला रिव्हरपर्यंत सगळ्या चिप्स आत न्यायच्या आहेत, तर आत्ता पॉट किती मोठा हवा? राहिला कलरची वाट बघणारा. दोन पानं यायची असताना इस्पिकवाल्याला इस्पिक लागण्याची शक्यता 35 टक्के असते, आणि लागलं तरी नव्वी कधीकधी फुल हाउस करून सुटतात, म्हणून खरा हिस्सा त्याला एक चतुर्थांशच्या आसपास मिळतो. त्या चतुर्थांशासाठी त्याच्याकडून भरपूर किंमत घ्यायची. आणि वाईट पान पडलं की दोन नुकसानं होतात. इस्पिकवाला तुम्हाला मारतो, आणि एक्का-राजावाला घाबरून पैसे देणं थांबवतो. दुसरं नुकसान पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

समजा त्याच डावात टर्नला गुलाम पडल्यावर बटनावरच्याने 480 च्या पॉटमध्ये 240 लावले असते. आता काय? तीन नव्वी अजून भारीच आहेत, पण आता वाढवायचं नाही. एक्का-राजा पळेल, कलरवाला आनंदाने भरेल. पॅक करायचं? त्याच्याकडे कलर नक्की आहे असं धरलं तरी तुमची दहा पानं बाकी आहेत: उरलेली नव्वी, तीन राजे, तीन चौकी, तीन गुलाम. न दिसलेल्या 46 पैकी 10, जवळजवळ 22 टक्के. कॉलला लागतात 960 मध्ये 240, म्हणजे 25. थोडं कमी पडतं, पण फुल हाउस झालं तर त्याच्या मागच्या 540 पैकी काही मिळणारच, आणि कधीकधी त्याच्याकडे कलर नसतोच. तेव्हा कॉल.

मग हळू खेळायचं कधी? मध्ये एक्का, सत्ती, दुर्री असा तीन वेगळ्या रंगांचा कोरडा फ्लॉप आणि तुमच्या हातात एक्क्यांची जोडी. चारातले तीन एक्के तुमचेच. समोरच्याला भरायला उरलं काय? एक एक्का, सत्तींची किंवा दुर्रींची जोडी, आणि बाकी थापा. रेझ करून थापेबाजाला हाकलून काय मिळणार? कलरची भीती नाही, सिक्वेन्सचीही नाही. इथे कॉल करा, त्याला बोलू द्या. जाळ्याची भाषा इथे शोभते. इस्पिक राजा, इस्पिक नव्वीवर नाही.

मशीन याहून पुढे गेली आहेत. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या नोम ब्राउन आणि तुओमास सँडहोम यांचा प्लुरिबस हा प्रोग्राम 2019 साली सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंना भारी पडला. तो त्याच पानांवर, त्याच जागेवरून कधी कॉल करतो, कधी वाढवतो, म्हणजे समोरच्याला ठोकताळा बांधता येत नाही. दर शनिवारी त्याच पाच जणांबरोबर बसणाऱ्याने यातून एवढं घ्यावं: भारी पानांवर तुम्ही नेहमी वाढवता, हे एकदा टेबलाला कळलं की तुमच्या रेझला कोणी पैसे देणार नाही. मधूनअधून तसल्याच जोरात कलरची वाट बघतानाही वाढवा. पण अनोळखी टेबलावर, एका रात्रीपुरतं बसायचं असेल, तर असली चतुराई करू नका, सरळ खेळा.

रिव्हरची रेझ हे वेगळंच प्रकरण. पाचवं पान पडलं, तुम्ही लावलं आणि आतापर्यंत नुसता कॉल करत आलेल्याने अचानक वाढवलं. मित्रमंडळींच्या टेबलावर ही थाप जवळजवळ कधीच नसते. आता वाट बघण्यासारखं पान उरलं नाही, त्याला हवं ते मिळालंय. यावर पुन्हा वाढवायला अगदी वरचा हात लागतो, कारण हलक्या पानांनी तुमच्या दुसऱ्या रेझला कोणी कॉल करत नाही. एक जोडी तर सोडाच. मधे चार इस्पिक असताना तुमच्या हातातली तीन नव्वी कॉलसुद्धा करायच्या का, हे भाव बघून ठरवा. मन मोडतं, मान्य आहे.

गोव्याला जाणाऱ्यांसाठी थोडं. मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर वय 21 पूर्ण लागतं, आणि रोखीच्या टेबलावर कॅसिनो आपला वाटा काढून घेतं, म्हणजे बरोबरीचे निर्णय तिथे थोडे तोट्याचे होतात. राण्यांवर ज्या कॉलचं तुमचं गणित जेमतेम बसत होतं, तो तिथे बसेलच असं नाही. हाताच्या सवयीही बदलाव्या लागतात. घरी आपण थोड्या चिप्स पुढे सरकवतो, समोरच्याचा चेहरा बघतो, मग आणखी सरकवतो. कॅसिनोत हे चालत नाही, पहिल्या खेपेला गेलेल्या चिप्सच मोजतात. तोंडाने काही न बोलता एकच मोठी चिप पुढे टाकली तर ती रेझ नव्हे, कॉल समजला जातो, मग तुमच्या मनात काहीही असो. तीन नव्वींवर 440 करायचे ठरले असतील, तर आधी तोंडाने "रेझ" म्हणा, आकडा सांगा, आणि मग हात चिप्सना लावा.